आमची वाटचाल : मास्टर उघड्यावर ठेवायचा नाही

आर्वी तालुक्यातल्या जिनिंग-प्रेसिंग, पतसंस्था आणि कृषी केंद्रांचे सर्व्हर सांभाळणं हे आमच्या फर्मचं काम. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, बिलिंग, रात्रीचा बॅकअप, सगळं एका ठिकाणाहून 'साल्ट' (अनेक सर्व्हर एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरून चालतं. त्यात 'मास्टर' म्हणजे हुकूम देणारा आमचा मुख्य सर्व्हर, आणि 'मिनियन' म्हणजे ग्राहकाच्या मशीनवर बसणारा त्याचा भाग. साल्ट घ्यायचं कारण साधं होतं. इथे बहुतेक ग्राहकांकडे स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) नसतो. साल्टचा मिनियन स्वतःच मास्टरकडे जोडणी करतो, त्यामुळे ग्राहकाच्या राउटरवर एकही पोर्ट (नेटवर्कचं दार) उघडावं लागत नाही. मास्टरवर मात्र ४५०५ आणि ४५०६ ही पोर्टं ऐकत राहतात, आणि खरा धोका तिथेच आहे.

२०२० च्या एप्रिलअखेर सीव्हीई-२०२०-११६५१ ही साल्टमधली सुरक्षा त्रुटी जाहीर झाली. तीव्रता १० पैकी जवळपास १०. ४५०६ वर येणाऱ्या काही विनंत्या ओळख पटण्याआधीच घ्याव्या लागतात, कारण नव्या मिनियनची चावी तिथूनच येते. त्या विनंत्या हाताळणारा 'क्लिअरफंक्स' नावाचा भाग मागेल ते फंक्शन चालवून द्यायचा, फक्त आतल्या वापरासाठी असलेलीसुद्धा. त्यातलं एक फंक्शन मास्टरची रूट की (सर्वोच्च अधिकाराची चावी) परत द्यायचं, दुसरं थेट सगळ्या मिनियनना हुकूम सोडायचं. म्हणजे चावी मंजूर करून घेण्याची गरजच नाही. पोर्टापर्यंत पोहोचलं की सगळे सर्व्हर रूटच्या अधिकारात हाती. जोडीच्या ११६५२ या त्रुटीतून मास्टरवरच्या ठरल्या फोल्डरबाहेरच्या फाइलीही वाचता यायच्या.

दुरुस्ती ३०००.२ आणि २०१९.२.४ या आवृत्त्यांत आली. १ मे, महाराष्ट्र दिन, शुक्रवार, पुढे शनिवार-रविवार. लिनिएजओएस (अँड्रॉइडवर आधारित मोबाइल प्रणाली) आणि घोस्ट (ब्लॉग चालवणारी सेवा) यांच्यावर हल्ले झाले ते नेमके याच सुट्टीत. म्हणून आमच्याकडे नियम आहे : मास्टरची सुरक्षा दुरुस्ती आली की त्याच दिवशी बसवायची, सुट्टी असो की कापसाचा हंगाम. आधी मास्टर, मग मिनियन.

त्या हल्ल्यांत क्रिप्टो मायनर (दुसऱ्याच्या मशीनवर गुपचूप आभासी चलन कमावणारे प्रोग्रॅम) बसवले गेले. खऱ्या प्रोसेसचं नाव 'साल्ट-मिनियन'. हल्लेखोराची फाइल टेंप फोल्डरमध्ये 'साल्ट-मिनियन्स', शेवटी एक 'एस' जादा. घाईत पाहणाऱ्याला तो दिसत नाही. सापडली तर फाइल पुसून भागत नाही. पिलरमध्ये (साल्टच्या गुप्त माहितीच्या साठ्यात) ठेवलेले सगळे पासवर्ड बदलायचे, रूटचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) तपासायचा आणि मशीन नव्याने बसवायचं.

पॅच आवश्यक आहेच, पण आमच्या मते पहिला बचाव म्हणजे मास्टर इंटरनेटवर दिसताच कामा नये. प्रत्येक ग्राहकाकडून मास्टरपर्यंत वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध खासगी जोडणी), आणि मास्टरच्या कॉन्फिगमध्ये 'इंटरफेस'ला बोगद्याचा पत्ता, मूळचा ०.०.०.० (म्हणजे सगळीकडून ऐकणारा) ठेवायचा नाही. बाहेर फक्त यूडीपी ५१८२० उघडं. ग्राहकाच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश) दर २५ सेकंदांनी, नाहीतर राउटर जोडणी विसरतो. नव्या मिनियनची चावी आपोआप मंजूर करायची नाही. तिथला माणूस फोनवर फिंगरप्रिंट (चावीची ओळखखूण) वाचतो, इथे जुळवून मगच मंजुरी.

या बोगद्याला गावाकडे दोन त्रास होतात. पहिला ४जी डोंगलचा : लहान हुकूम जातात, मोठी फाइल मध्येच अडकते. तिथे बोगद्याचं एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या पाकिटाचा कमाल आकार) १२८० वर आणायचं. दुसरा त्रास विजेचा. लाइन गेली, इन्व्हर्टर उतरला आणि मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल मेलेला असेल, तर मशीन जुन्या तारखेने उठतं. वायरगार्ड आधीच्यापेक्षा जुन्या वेळेचा हँडशेक (जोडणी सुरू करण्याची विनंती) नाकारतो, म्हणून बोगदा लागत नाही, आणि लॉगमध्ये कारण चटकन दिसत नाही. वेळ बोगद्यातूनच घेत असाल तर गाडं तिथेच अडतं. त्यामुळे क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) नेहमी बोगद्याबाहेरच्या साध्या लाइनवरून चालवायचं, आणि सेल दर उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर बदलायचा. किंमत किरकोळ, पण ऐन खरेदीत काटा बंद पडला तर गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते.

आता साल्ट ब्रॉडकॉमकडे आहे आणि पॅकेज (सॉफ्टवेअरच्या फाइली) मिळण्याचा जुना पत्ता बंद झाला आहे. जुन्या सर्व्हरवर तोच पत्ता राहिला असेल तर दुरुस्ती येतच नाही. नवा ग्राहक घेताना आम्ही सर्वांत आधी रिपॉझिटरीची, म्हणजे त्या पत्त्याची, ओळ उघडून पाहतो, आणि मग ४५०६ बाहेरून दिसतं का ते मोबाइलच्या नेटवरून तपासतो.