लिंडरमचं टेबल, पाचवा प्रयत्न: चंद्रकोर सापडली

सापडली! तीन शनिवार आणि साडेअकराशे फोटो जिच्यापायी वाया गेले, ती चूक अखेर सापडली. चूक दगडाची नव्हती, आभाळाची नव्हती, सॉफ्टवेअरची तर नव्हतीच. माझीच होती, आणि ती मी स्वतःच्या हाताने कात्रीने कापून, टेपने चिकटवून घेतली होती.

मागच्या नोंदीत ऑस्ट्रेलियाचा बिलियर्ड्सपटू वॉल्टर लिंडरमची कबर मी 'एक शेवटचा प्रयत्न' म्हणून ठेवली होती. माझ्या 'शेवटचा'ला काय अर्थ असतो ते तुम्हाला माहीत आहेच. मेलबर्न जनरल सेमेटरी या दफनभूमीतल्या राजकारणी आणि खेळाडूंच्या कबरींची फोटोंवरून त्रिमितीय मॉडेलं करायची, ही माझी यादी. बाकीची तोवर बरी चालली होती. पीटर लेलर झाला. युरेकाच्या बंडात, म्हणजे सोन्याच्या खाणकामगारांच्या उठावात, 1854 साली एक हात गमावलेला हा माणूस पुढे त्याच सरकारच्या विधानसभेचा सभापती झाला, हे मला दर वेळी नव्याने गंमतीचं वाटतं. बर्क आणि विल्स हे शोधप्रवासी, राजकारणीही नाहीत आणि खेळाडूही नाहीत, पण त्यांच्यावरचा तो प्रचंड ग्रॅनाइटचा धोंडा हात साफ करायला घेतला होता. ऐंशी फोटोंत मॉडेल तयार, एकही भोक नाही. कणीदार, खडबडीत दगड म्हणजे आमच्या छंदाचा वरणभात.

लिंडरम म्हणजे मात्र फणस. कबर बिलियर्ड्सच्या टेबलाच्या आकाराची, वर दगडाचाच क्यू आणि दगडाचेच बॉल, सगळं घोटून गुळगुळीत केलेलं. फोटोग्रॅमेट्रीला, म्हणजे फोटोंवरून मॉडेल करण्याच्या या तंत्राला, हवे असतात ओळखीचे ठिपके. इथला डाग त्या फोटोत कुठे दिसतो, तिसऱ्यात कुठे, यावरून ती खोली काढते. चकचकीत दगडावर डाग नसतातच. दिसतात ती झाडांची आणि आभाळाची प्रतिबिंबं. सॉफ्टवेअर बिचारं प्रामाणिक आहे. त्याला प्रतिबिंबातल्या फांद्या जुळलेल्या दिसतात, आणि ते त्या पृष्ठभागाच्या खाली नेऊन ठेवतं. पहिल्या प्रयत्नात टेबलाच्या मधोमध हौद झाला होता आणि हौदात झाडं उलटी उगवली होती. बॉल तर बटाटे. एक बॉल कोणीतरी चावा घेऊन परत ठेवल्यासारखा.

दुसरा प्रयत्न ढगाळ दिवशी केला. हौद उथळ झाला, बटाटे तसेच. तिसऱ्या वेळी कबरीभोवती गवतावर छापील टार्गेट, म्हणजे सॉफ्टवेअरला ओळखता येणाऱ्या खुणांचे कागद, पसरली. त्याने कॅमेऱ्यांच्या जागा पक्क्या झाल्या, अलाइनमेंटची चूक पिक्सेलच्या आत आली. ही वेगळी साजरी करण्यासारखी गोष्ट होती, कारण तोवर अर्धे फोटो भलतीकडेच जाऊन बसायचे. पण टार्गेट कबरीवर ठेवायची नाहीत हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय, त्यामुळे वरचा पृष्ठभाग कोराच राहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण चकाकी घालवायला दगडाला काही फासलं तर, असं दोघांनी वेगवेगळं विचारलं. खडू, मैदा, शेव्हिंग फोम, मॅट स्प्रे यातलं काहीही कबरीवर लावायचं नाही. 'पावसात जातं धुऊन' म्हणू नका. खडू घासला की दगड ओरखडतो, फोम छिद्रांत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं दगड खातो. अक्षरं वाचायची असतील तर आरसा घ्या आणि उजेड तिरका पाडा. आणि दगडाचं सोडा, ते कोणाचं तरी माणूस आहे.

म्हणून चौथ्या प्रयत्नाला क्रॉस-पोलरायझेशन. लेन्सभोवती बसणाऱ्या रिंग फ्लॅशवर पोलरायझर फिल्म (एकाच दिशेने कंपणारा उजेड सोडणारी), लेन्सवर सीपीएल, म्हणजे फिरवता येणारा पोलरायझर, दोघांचे अक्ष काटकोनात. दगडाच्या वरच्यावर चकाकून परत येणारा उजेड आपलं ध्रुवण सोडत नाही, तो लेन्सपाशी अडतो. आत शिरून विखरून येणारा उजेड मात्र गाळणीतून सुटतो, आणि त्यातच दगडाचा खरा पोत असतो. आभाळाचा उजेड आपल्या ताब्यात नाही, म्हणून तो मारायचा: एफ 11, शटर 1/200, आयएसओ 100, दिवस ढगाळ. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायचा, तो जवळजवळ काळा आला की काम सुरू. (धातूच्या पाट्यांवर ही युक्ती चालत नाही, त्या काळ्याठिक्कर येतात. एका पाटीवर अख्खी दुपार घालवून हे शिकलेय.)

कागदावर सगळं झकास. प्रत्यक्षात टेबल सुंदर सपाट आलं, क्यू आला, काठ आले, आणि प्रत्येक बॉलला एका बाजूने खड्डा. फोटो मोठे करून पाहिले तर बॉलवर पांढरी चंद्रकोर. मी सीपीएल फिरवला, चंद्रकोर गेली आणि दुसऱ्या बाजूला उगवली. आणखी फिरवला, परत पहिल्या बाजूला. मी ठरवून टाकलं की ढगांआडून सूर्य डोकावतोय. पुढच्या शनिवारी आणखी दाट ढगांत गेले. चंद्रकोर हजर. त्याच्या पुढच्या शनिवारी छत्री धरायला मैत्रिणीला नेलं. तिने दोन तास छत्री धरली, मी तिला लायगन स्ट्रीटवर कॉफी पाजली, चंद्रकोर हजर.

कोडं सोडवलं बाबांनी, पुण्यात बसून. त्यांना फोटो पाठवले ते वेगळ्याच कारणाने. लिंडरमचं नाव काढल्यावर ते विल्सन जोन्सवर बोलत राहतात. जोन्स पुण्यात जन्मलेला, 1958 साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला, कुठल्याही खेळातला भारताचा पहिला जगज्जेता, आणि 1964 मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा. बाबांच्या मते लिंडरम म्हणजे जोन्सच्या आधीचा देव. त्याने 1932 साली लंडनमध्ये जो डेव्हिसविरुद्ध 4137 चा ब्रेक केला, म्हणजे न चुकता सलग तेवढे गुण काढले, आणि तोही लहानपणीच उजव्या तर्जनीचं टोक गेल्यामुळे डावरा झालेला. तर फोटो बघून बाबा म्हणाले, "अगं, ही चंद्रकोर सगळ्या बॉलवर एकाच बाजूला कशी? तू टेबलाला फेरी मारतेयस ना? मग सूर्य काय तुझ्याबरोबर फिरतो?"

मी फोनवर गप्प.

जो उजेड माझ्याबरोबर फिरतो तो माझ्याच कॅमेऱ्यावरचा. रात्री माळ्यावरून कॅरम काढला, बोर्डवर काळा गुळगुळीत स्ट्रायकर ठेवला, घरातले दिवे घालवले आणि रिंग फ्लॅश मारला. सीपीएल फिरवला. स्ट्रायकरमध्ये अर्धं कडं विझलं, अर्धं लख्ख. आणखी नव्वद अंश फिरवला तर नेमकं उलट. म्हणजे फ्लॅशवरच्या फिल्मचे दोन अर्धे एकमेकांना काटकोनात!

झालं असं की ऑनलाइन मागवलेली फिल्म आली ती अख्ख्या रिंगला पुरेना इतकी अरुंद. (दुकानाचं नाव सांगत नाही. वर्णनात ए-फोर लिहिलं होतं, आलं ते पाकिटाएवढं. आणि अक्ष कुठल्या दिशेने आहे याची खूणही नाही.) मी दोन अर्धवर्तुळं कापून जोडली, आणि फिल्म वाचवायला दुसरं अर्धवर्तुळ आडवं कापलं. चोळीचं कापड काटकसरीने बेतावं तसं. कापडाला उभा-आडवा धागा असतो हे आईने मला सातवीत शिकवलं होतं. फिल्मलाही असतो. सीपीएल कसाही ठेवला तरी एक अर्धं विझायचं आणि दुसरं पूर्ण चकाकायचं. सपाट टेबलाचे फोटो मी तिरके घेत होते, त्यामुळे फ्लॅशची चकाकी लेन्सकडे परतच येत नव्हती. बॉल गोल, त्याचा कुठला ना कुठला भाग कॅमेऱ्यासमोर असणारच. म्हणून टेबल चांगलं आणि बॉल नासके.

आता तुम्हाला सल्ला: फिल्म कापण्याआधी सगळ्या तुकड्यांवर एकाच दिशेने पेनने बाण काढा. दिशा कळत नसेल तर तुकडे एकावर एक ठेवून उजेडाकडे धरा, अंधार झाला की काटकोन. दहा सेकंदांचं काम आहे. मी तीन शनिवार घेतले.

परवा नव्या, रुंद फिल्मची एकसंध चकती लावून पाचवा प्रयत्न केला. 260 फोटो. मेटाशेपमध्ये (मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) नको तो भाग झाकणारे मास्क लावायची गरजच पडली नाही. सकाळी उठून पाहिलं तर बॉल गोल! त्यांत गोल बसवून पाहिला, फरक मिलिमीटरच्या आत. चहा गार होईपर्यंत नुसती मॉडेल फिरवत बसले.

आणि फिरवता फिरवता डोक्यात किडा वळवळला. आधी ठरलं होतं की मॉडेल झालं की लगेच जेम्स स्कलिनच्या केल्टिक क्रॉसकडे वळायचं. पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि दोन दिवसांत वॉल स्ट्रीट कोसळायला लागलं, असं नशीब दुसऱ्या कोणाचं नसेल. पण आता माझ्याकडे बॉलच्या जागा मिलिमीटरमध्ये आहेत. लिंडरमची ख्याती नर्सरी कॅननची. (कॅनन म्हणजे एका फटक्यात आपला बॉल बाकी दोन्ही बॉलना लागणं.) कुशनच्या कडेने बॉल जेमतेम सरकवत तो शेकड्याने गुण काढायचा, इतके की त्याला आवरायला नियम बदलून ठराविक गुणांनंतर बॉक रेषा (टेबलाच्या एका टोकाजवळची आडवी रेघ) ओलांडणं सक्तीचं करावं लागलं. मग दगडात मांडलेल्या या जागेवरून कॅनन लागतो का? शिल्पकाराने बॉल नुसते शोभेला ठेवलेत की एखादा फटका मनात होता? ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टेबल खऱ्या मापात ताणून बॉल सिम्युलेटरमध्ये टाकते. बाबांना कळवलंय, त्यांनी आधीच अंदाज सांगितलाय आणि मी तो इथे फोडणार नाही.

त्यामुळे स्कलिन पुढे ढकलला. याच दफनभूमीतल्या पंतप्रधानांच्या बागेतला हॅरॉल्ड होल्टचा दगडही थांबेल. 1967 मध्ये समुद्रात पोहायला गेलेला पंतप्रधान परत आलाच नाही, त्यामुळे दगडाखाली कोणी नाही. पंतप्रधान मेन्झीसची बात वेगळी. तो कार्लटन फुटबॉल क्लबचा जन्माचा भक्त, आणि क्लबचं जुनं मैदान दफनभूमीला लागूनच आहे. मला आता ड्रोन न वापरता मैदान आणि बाग एकाच मॉडेलमध्ये घेता येईल का याची खुमखुमी आलीये, पण ते नंतर.

एक प्रश्न उरलाय. क्यूच्या टोकाशी, जिथे तो टेबलाला टेकतो, तिथे मेशमध्ये (मॉडेलच्या पृष्ठभागाच्या जाळीत) बोटभर पडदा येतोय. सावली नाही, फ्लॅश समोरूनच आहे. क्यूचे वेगळे चाळीस जवळचे फोटो घेऊन जोडावेत असं वाटतंय. कोणी मॅक्रो रेल (कॅमेरा थोडाथोडा सरकवायची पट्टी) वापरून केलं असेल तर पायरीचं अंतर किती ठेवलंत ते सांगा. शनिवारी ढग दाखवलेत, सकाळी आठला निघतेय.