आज रिकोशे बसलं!

मेंडेल्सोन ह्या संगीतकाराच्या ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टोची (व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) कॅडेन्झा, म्हणजे व्हायोलिननं एकट्यानं वाजवायचा भाग, आज पहिल्यांदा न थांबता वाजली, एवढा आनंद झालाय की लिहिल्याशिवाय राहवेना. त्यात गज तारांवर अलगद टाकायचा आणि तो आपोआप उड्या मारत चारही तारांवरून गेला पाहिजे, ह्यालाच रिकोशे म्हणतात. अवघड काय तर हे हळू वाजवून शिकताच येत नाही, उडी मारायची गजाची स्वतःची एक स्पीड असते, म्हणून मग दोन्ही हात वेगळे केले. डाव्या हातानं नुसते कॉर्ड (एकत्र जुळणारे सूर) धरायचे, सगळी बोटं एकदम, आणि उजव्यानं नुसत्या मोकळ्या तारा, जी डी ए ई आणि परत, गजाच्या मधल्या भागात. कोपर तारेबरोबर वर-खाली, मनगट सैल. गज घट्ट पकडला की उडी मेलीच समजा.

(लातूरच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की खुंट्या ढिल्या पडतात, मधेमधे सूर लावत बसणं चालूच होतं.)

१८४४ मध्ये पूर्ण झालेल्या ह्या रचनेत मेंडेल्सोननं कॅडेन्झा शेवटी न ठेवता मधेच ठेवली, आणि रिकोशे चालू असतानाच ऑर्केस्ट्रा मूळ धून घेऊन आत येतो, व्हायोलिन साथीला जातं. मला तर सगळ्या कॉन्चेर्टोत हीच जागा लई आवडते, नुसतं दाखवायला म्हणून अवघड नाहीये ते.

आता कॉन्चेर्टोच्या सुरुवातीचे ऑक्टेव्ह, म्हणजे एका सप्तकाच्या अंतरावरचे दोन सूर एकदम. वर जाताना पहिलं बोट न् करंगळीतलं अंतर कमी होत जातं, कान खालच्या सुरावर ठेवायचा. उद्यापासून मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर.