रिअॅक्टर बंद केला तरी तो तापतच राहतो

अणुभट्टी बंद झाली की धोका संपला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण खरी काळजी तिथूनच सुरू होते. कंट्रोल रॉड, म्हणजे न्यूट्रॉन शोषणाऱ्या कांड्या, आत गेले की युरेनियमचे अणू फुटण्याची साखळी थांबते, पण आधी तयार झालेले किरणोत्सारी तुकडे उष्णता देतच राहतात, सुरुवातीला पूर्ण ताकदीच्या ६-७ टक्के, तासाभराने दीडेक टक्का. किरकोळ वाटतं ना? जपानमधल्या फुकुशिमा दाईची अणुवीज केंद्राच्या युनिट १ची औष्णिक क्षमता १३८० मेगावॅट, म्हणजे बंद होताच जवळपास ९० मेगावॅट उष्णता, आणि ती कुठल्याच बटणाने बंद होत नाही!

११ मार्च २०११ला भूकंप झाला तेव्हा तिथले चालू असलेले तिन्ही रिअॅक्टर आपोआप नीट बंद झाले, बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले, आणि मग त्सुनामीचं पाणी तळघरात शिरून तेही गेले. युनिट १ला पंपाशिवाय चालणारा कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी परत रिअॅक्टरमध्ये सोडणारी यंत्रणा, होता हो, पण वीज गेल्यावर त्याचे व्हॉल्व्हच बंद झाले, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

आपल्या तारापूरचे १९६९चे पहिले दोन रिअॅक्टरही फुकुशिमासारखे उकळत्या पाण्याचेच (गाभ्यातच पाणी उकळून वाफ करणारे), तेही समुद्रकाठी. म्हणून कुठल्याही प्रकल्पाबद्दल माझा पहिला प्रश्न हाच असतो, सगळी वीज गेली तर गाभा थंड कसा ठेवणार?