खुनी कोण, ते चिठ्ठीवर लिही

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात रहस्यकथांच्या कपाटाला कुलूप नसायचं. माझ्या मावसबहिणी दुसऱ्या शाळांत होत्या. तिथे असली पुस्तकं दप्तरात सापडली की जप्त व्हायची आणि वडिलांना बोलावणं जायचं. आपल्याकडे मात्र ती रीतसर नावावर मिळत, मागच्या खिशातल्या कार्डावर तारखेचा शिक्का पडत असे. अमृतमहोत्सवाच्या या स्मरणिकेत स्नेहसंमेलनांविषयी, क्रीडांगणाविषयी, आपापल्या आवडत्या सरांविषयी पुष्कळजण लिहितील. मला त्या कपाटाविषयी लिहायचं आहे, कारण माझ्या वाचनाच्या सगळ्या सवयी तिथेच लागल्या.

कपाटात काय होतं? खालच्या फळीवर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा तो किडकिडीत बनेश, त्याची सायकल आणि त्याचं ते ‘ट्टॉक’. पाचवी-सहावीतली आम्ही मुलं त्यातच गुंतलेली असायचो. मधल्या फळीवर शेरलॉक होम्सचे मराठी अनुवाद. आणि वर, हात पुरत नसे अशा जागी, बाबुराव अर्नाळकर. त्यांचे नायक म्हणजे झुंझार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू. बाबुरावांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे कपाटात होत्या त्या म्हणजे समुद्रातली ओंजळ. आमच्या वडिलांच्या पिढीला वाचायला कोणी शिकवलं, असं विचारलं तर निम्मे लोक बाबुरावांचं नाव घेतील. साक्षर त्यांना शाळेने केलं, पण हातातलं पुस्तक खाली न ठेवण्याची गोडी बाबुरावांनी लावली. तरी मी तेव्हाही म्हणायची आणि आजही म्हणते, झुंझारची मजा धावपळीची आहे, वेषांतराची आहे. डोकं लढवण्याची मजा वेगळी, आणि मला तीच जास्त प्रिय.

त्या मजेची वाट दाखवली आपल्या ग्रंथपाल बाईंनी. आठवीत मी एक पुस्तक परत करायला गेले तेव्हा बाईंनी विचारलं, “शेवटचं पान आधी बघितलंस का गं?” मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरा चिठोरा काढून पुढच्या पुस्तकात घातला. “शेवटचं प्रकरण उरलं की थांबायचं. खुनी कोण आणि कशावरून, दोन ओळी लिही. चिठ्ठी मला आणून दे, मग उरलेलं वाच.” चिठ्ठ्या त्या खडूच्या रिकाम्या खोक्यात ठेवत. पुस्तक संपवून गेलं की चिठ्ठी काढून समोर धरत. नाव बरोबर आलंय का, इकडे त्या फारसं बघत नसत. ‘कशावरून’ या शब्दापुढे काय लिहिलंय, ते बघत. नाव बरोबर आणि कारण काहीच नाही, असं असलं की म्हणत, “हा अंदाज झाला. तर्क कुठाय?” आणि एखाद्याने भलत्याच माणसाला खुनी ठरवलेलं असलं, पण त्यासाठी चौथ्या प्रकरणातला बंद पडलेला लंबक पकडलेला असला, तर त्या मनापासून खूश होत.

पुढे कळलं की बाईंचा हा खेळ त्या जातीच्या पुस्तकांचा पायाच आहे. इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाचे एक धर्मगुरू होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी १९२९ साली रहस्यकथाकारांसाठी दहा नियम लिहून काढले. हेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे. भुताखेतांची मदत घ्यायची नाही. चोरवाट असलीच तर एकच. आणि आजवर कोणाला ठाऊक नसलेलं विष वापरायचं नाही. पुढच्याच वर्षी, १९३० मध्ये, तिथल्या लेखकांनी डिटेक्शन क्लब काढला आणि सभासद होताना वाचकाशी सचोटीने वागण्याची शपथ घ्यायची प्रथा पाडली. मला हे फार मोठं वाटतं. वाचक आपल्याइतकाच हुशार आहे, हे गृहीत धरून लिहिणारी माणसं ती.

मराठीच्या सरांनी एकदा ऑफ तासाला सगळ्या वर्गाकडून मिळून एक रहस्यकथा रचून घेतली होती. माझ्या तुकडीतल्यांना ती नक्की आठवत असेल. सराफ बाजारातल्या पेढीवर चोरी होते. संशयित म्हणतो, मी त्या संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर होतो, नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी बसलो होतो. आणि त्या दिवशी गोदावरीला पूर असतो, पाणी मारुतीच्या कमरेला लागलेलं असतं! नाशिकच्या पोरांनाच सुचावी अशी युक्ती. परगावच्या माणसाला पुराचा आकडा क्युसेकमध्ये सांगावा लागतो. आपण ‘मारुतीच्या कुठवर आलं?’ एवढंच विचारतो. वाद पेटला तो पाणी कुठवर आलं होतं हे वाचकाला कधी सांगायचं, यावर. मागच्या बाकावरची मुलं म्हणाली, शेवटी सांगू, म्हणजे धक्का बसेल. सरांनी फळ्यावर कथेचे सहा भाग पाडले आणि पुराचं वाक्य दुसऱ्या भागात टाकलं, तेही भाजीवालीच्या तोंडी, मेथीच्या भावाच्या तक्रारीत दडवून. “समोर ठेवायचं, पण बघणाऱ्याचं लक्ष मेथीकडे जायला हवं,” असं सर म्हणाले. त्यानंतर कुठल्याही रहस्यकथेत बाजारहाटाची, जेवणाची, हवापाण्याची वाक्यं मी घाईने ओलांडलेली नाहीत.

दहावीनंतर मी फार्मसीकडे गेले आणि गेली अनेक वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी आहे. अगाथा ख्रिस्ती माझी सर्वांत लाडकी लेखिका होण्याचं एक कारण हेही. पहिल्या महायुद्धात ती इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या इस्पितळात आधी शुश्रूषेचं काम करत होती, मग तिथल्या औषधविभागात गेली, १९१७ मध्ये त्याची परीक्षाही पास झाली. समोर विषांच्या बाटल्या आणि हाताशी मोकळा वेळ, त्यातून तिने पहिली कादंबरी लिहिली. ती १९२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने त्यातला विषाचा तपशील अचूक असल्याचं लिहिलं. त्या शाबासकीने तिला इतर कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त आनंद झाला होता. मी तो आनंद समजू शकते. तिची मात्रा चुकत नाही. औषध किती वेळाने चढतं, चव कशी लागते, कशात विरघळतं, सगळं जागच्या जागी.

१९७७ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात कतारहून एक लहान मूल आणलं होतं. डॉक्टरांना दुखणं उलगडेना. एक परिचारिका तेव्हा ख्रिस्तीची कादंबरी वाचत होती. मुलाचे केस गळताना दिसले आणि तिला पुस्तकातली लक्षणं आठवली. तिने डॉक्टरांना सांगितलं, तपासणी झाली, विष नेमकं तेच निघालं आणि मूल वाचलं. विषाचं आणि कादंबरीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही, त्यांचा हक्काचा आनंद मी का घालवू?

माझ्या काउंटरवर असं नाट्य घडत नाही. पण एक आजोबा महिन्याच्या महिन्याला गोळ्या न्यायला येत. एकदा त्यांच्या चपलेचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेले दिसले, पावलं सुजून वर आलेली. त्यांच्या पिशवीत दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या होत्या. दोन्हींवर रक्तदाबाची गोळी, कंपन्यांची नावं वेगळी, आतलं औषध एकच, अॅम्लोडिपिन. म्हणजे आजोबा दुप्पट मात्रा घेत होते, आणि या औषधाने पाय सुजतात. मी लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. आधी चपला दिसल्या, मग चिठ्ठ्या वाचल्या. बाईंनी विचारलं असतं, ‘कशावरून?’, तर मला नीट सांगता आलं असतं.

आता माझ्या सवयींविषयी. नवी रहस्यकथा आणली की मी मलपृष्ठावरचा मजकूर वाचत नाही. आजकाल तिथे अर्धी गोष्ट सांगून टाकतात. पुस्तकाला लगेच खाकी कव्हर घालते, कारण चित्रंही चहाडखोर असतात. दुकान बंद करून, जेवणं आटोपून, ओटा आवरला की वाचायला बसते. पात्रांची नावं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहिते, घराचा नकाशा दिला असेल तर तो उतरवून घेते, कोण कुठल्या खोलीत झोपलं होतं ते पेन्सिलीने मांडते. शेवटच्या प्रकरणाशी पुस्तक मिटून ठेवते, चिठ्ठी लिहिते आणि झोपते. घरच्यांना हे समजत नाही. यजमान म्हणतात, “अगं, दहा पानं तर उरलीत!” पण ती रात्र हीच मला सगळ्यांत आवडते. सगळे धागे हातात असतात आणि अजून कुणी काही सांगितलेलं नसतं. कित्येकदा पहाटे दूध तापवताना उत्तर सुचतं.

चिठ्ठीचा फोटो मी पुण्याला असलेल्या माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला पाठवते. तीही आपल्याच शाळेची, तिनेही बाईंच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकलेल्या. आम्ही एकच पुस्तक एकाच आठवड्यात वाचतो आणि दोघींचं संपल्याशिवाय शेवटाविषयी अक्षर बोलत नाही. दिवाळी अंकांचंही तसंच. ‘धनंजय’ घरी आला की रहस्यकथा सगळ्यांत मागे ठेवायच्या आणि भाऊबीज आटोपल्यावर वाचायच्या, हे आमचं ठरलेलं. आणि एक नवी कादंबरी दरवर्षी पावसाळ्यासाठी राखून ठेवते. आषाढात दोन-दोन दिवस झड लागते, दुकानात गिऱ्हाईक तुरळक असतं, तेव्हा ती काढायची.

बाहेर पडताना पर्समध्ये खोडरबर असतो. वाचनालयाच्या पुस्तकात बाराव्या पानावरच पात्राच्या नावाखाली रेघ मारून ‘हाच खुनी’ असं लिहून ठेवणारे वाचक सगळीकडे असतात. मला त्यांचा मनस्वी राग येतो. दिसलं की खोडते, पुढच्या वाचकासाठी. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. इतक्या पिढ्यांनी हाताळायच्या पुस्तकाशी असं वागू नये.

लोक विचारतात, खुनाच्या गोष्टी वाचून झोप कशी लागते? मी वाचते त्या कादंबऱ्यांत रक्ताची वर्णनं नसतात. खून होतो, पण पडद्याआड. उरतं ते एक छोटं गाव, चहाची मेजवानी, मृत्युपत्र, आणि सगळ्यांना ओळखून असलेली एखादी म्हातारी. १९३० मध्ये ख्रिस्तीची मिस मार्पल पहिल्यांदा कादंबरीत आली, तेव्हा ती गावातली एक म्हातारी बाई होती. नव्या माणसाला बघून ती गावातल्या कुणा जुन्या माणसाची आठवण काढते आणि त्यावरून त्याचा स्वभाव ओळखते. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये ओसरीवर वाती वळत बसणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत. कोण किती वाजता आलं, कोणाच्या हातात कसली पिशवी होती, सगळं त्यांना ठाऊक. त्यामुळे मार्पलबाई मला कधी परकी वाटली नाही. हल्लीच्या काही कादंबऱ्यांत पानोपानी क्रौर्य असतं आणि शेवटी जुळा भाऊ काढून दाखवतात. तशा मी अर्ध्यात सोडते. जुळ्या भावावर कुणी चिठ्ठी लिहावी तरी कशी?

माझ्या संग्रहातली रहस्यकथांची पुस्तकं मी या वर्षी शाळेला देते आहे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. कपाटाला कुलूप लावायचं नाही, एवढीच विनंती केली, आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली. प्रत्येक पुस्तकात मी एक कोरी चिठ्ठी घालून ठेवली आहे. खडूचं खोकं शाळेत असेलच.

आताच्या मुलामुलींसाठी थोडं. पाचवी ते सातवीच्यांनी फास्टर फेणेपासून सुरुवात करावी. आठवीपासून शेरलॉक होम्स, आधी लघुकथा, मग कादंबऱ्या. ख्रिस्ती नववी-दहावीत, सुट्टी लागल्यावर. आणि मधल्या सुट्टीत डबा खाताना कुणी “मी सांगतो, शेवटी काय होतं” असं म्हणायला लागलं, तर डबा उचलायचा आणि दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसायचं.

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९८४)