मेथ्यांच्या वासाचा वाडगा

सासूबाईंच्या खाटेखाली एक टोपली असते. बांबूची, पण बांबू कुठेच दिसत नाही, कारण आतून-बाहेरून कागदाचा लगदा लिंपून त्यावर गेरूचा हात फिरवलाय. एका कडेला टवका उडालाय. तिथं आतल्या कागदावरची छापील अक्षरं दिसतात, एक ‘ळ’ आणि अर्धा ‘क्ष’. सुपाऱ्या, जायफळं आणि दोऱ्याची रिळं या टोपलीत राहतात. ती त्यांच्या आईनं केलेली. किती वर्षांची म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, “म्हज्या लग्नाआदली.”

गेल्या जुलैत लेकीला शाळेत टाकाऊपासून काहीतरी टिकाऊ करून न्यायचं होतं. त्यासाठी बाजारातून रंगीत फोम, चमकी आणि गोंदाच्या बाटल्या विकत आणायच्या, हे मला कधीच पटलेलं नाही. गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या घरात सुंभानं बांधलेला रद्दीचा गठ्ठा पडून होता आणि नमुना खाटेखालीच होता. म्हटलं, लगद्याचा वाडगा करू.

दहा-बारा अंक घेऊन आम्ही दोघी ओसरीवर बसलो. कागद कात्रीनं कापायचा नाही, हातानं फाडायचा. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे सुटतात आणि तेच पुढे एकमेकांत अडकून वस्तूला बळ देतात. मासिकांची गुळगुळीत पानं बाजूला काढली. त्यांच्यावर मातीचा बारीक लेप असतो, त्यांचा लगदा नीट होत नाही. तुकडे बादलीत दोन दिवस भिजवले, मग मोठ्या टोपात अर्धा तास उकळले. जुन्या मिक्सरमध्ये मूठभर तुकडे आणि भरपूर पाणी असं थोडंथोडं फिरवलं. पाणी कमी पडलं की पातं अडतं आणि मोटर तापते, म्हणून इथं घाई नको. शेवटी सगळं जुन्या पंच्यात बांधून पिळलं. अगदी कोरडाठाक पिळायचा नाही, घट्ट भिजवलेल्या कणकेसारखा लगदा राहिला पाहिजे.

चिकटपणासाठी अर्धी वाटी मैद्याची खळ शिजवली. पुस्तकं बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत, पण ते विषारी, आणि लेकीचे हात त्यात असणार होते. सासूबाई दारातून म्हणाल्या, “मेथ्यो घाल गो, कीड लागची ना.” तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

स्टीलचा वाडगा पालथा घातला, त्याला खोबरेल लावलं आणि बाहेरून बोटभर जाडीचा लगदा थापला. जाड म्हणजे मजबूत, असा माझा हिशेब. बाहेर पावसाची झड लागली होती. चौथ्या दिवशी वरचा पापुद्रा कोरडा लागला, पण दाबलं की आत गार. पाचव्या दिवशी कडेला दोन उभ्या भेगा गेल्या. सहाव्या दिवशी लेकीनं हाक मारली. बुडाला हिरवे-काळे ठिपके उठले होते आणि कुजक्या पानांसारखा वास येत होता. तो माडाच्या आळ्यात नेऊन टाकला. शाळेत लेक करवंटीची फुलदाणी घेऊन गेली.

पण मला ते सोडवेना. रात्री बसून विचार केला तेव्हा एकेक चूक उलगडली. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवाच ओली, तिथं बोटभर लगदा सुकणार कसा? शिवाय नुसती खळ म्हणजे बुरशीला वाढलेलं पानच. आणि भेगा पडल्या त्या साच्यामुळे. लगदा सुकताना आक्रसतो. वाडग्याच्या बाहेरून थापला की त्याला आत जायला जागा नसते, मग तो फाटतो. वाडग्याच्या आत थापला तर आक्रसून आपोआप सुटतो.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी पुन्हा बसलो. या खेपेला दोन मोठे चमचे मेथ्या रात्रभर भिजवून वाटल्या. वाटल्यावर त्या अशा बुळबुळीत झाल्या की डिंकच, आणि खळ निम्मीच लागली. लगदा, मेथ्या आणि खळ पाव तास मळली. दुधाची पिशवी कापून, धुऊन वाडग्याच्या आत पसरली आणि तिच्यावर लगदा दाबून बसवला, भाकरीएवढ्याच जाडीचा. तो सुकल्यावरच दुसरा थर.

सुकवायची जागा सासूबाईंनी दाखवली. आमच्या न्हाणीत अजून आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण आहे. त्याची चूल बाहेरच्या अंगानं पेटवतात, त्यात सोडणं आणि चुडतं, म्हणजे नारळाची सालं आणि माडाच्या झावळ्या, जळतात. चुलीच्या वरच्या भिंतीवर एक फळी आहे. त्या फळीवर वाडगा ठेवला. पाणी तापताना खालून ऊब, जाळ विझल्यावर रात्रभर भिंतीची ऊब, आणि थोडा धूरही. तिसऱ्या सकाळी वाडगा कडेनं सुटून बसला होता. साच्यातून काढून पालथा ठेवला, आणखी चार दिवस. सासूबाईंनी ओळखायची खूण सांगितली ती पक्की: टिचकी मारायची. ओला वाडगा ‘धप्’ बोलतो, सुकलेला ‘टक्’. त्या आठवड्यात लेक येता-जाता टिचक्या मारत होती. धुरानं एक बाजू तांबूस झाली, ती मला गेरूपेक्षाही आवडली.

पुढचं काम सोपं. नदीतल्या गोट्यानं घासून खडबडीतपणा काढला, दोन बारीक चिरा ओल्या लगद्यानं भरल्या, करवंटीची चकती घासून बुडाला चिकटवली. वरून गेरू, आणि सुकल्यावर तांदळाच्या पिठीनं सासूबाईंनी कडेला बोटानं टिंबं काढली. हा वाडगा कोरड्या जिनसांसाठीच. त्यात पाणी नको, आणि जवळ दिवा तर मुळीच नको.

लहान मुलांना घेऊन करायचं असेल तर रद्दीऐवजी अंड्यांचे ट्रे घ्या. ते मुळात कागदाच्या लगद्याचेच असतात, तासाभरात पाण्यात मऊ पडतात, उकळायला लागत नाहीत. आमच्या शेजारच्या दोघा मुलांनी एका दुपारी त्याचे मासे आणि होडी केली. पण पोत जाडाभरडा येतो, वाडग्याला मी रद्दीच घेईन.

चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधताना सासूबाईंनी सुपाऱ्या त्या नव्या वाडग्यात काढून घेतल्या. आधी टिचकी मारली, मग कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “मात्सो दाट जाला.” जाड झाला खरा, बुडाशी. त्यानंतर दिवाळीच्या उन्हात केलेले दोन वाडगे पातळ उतरले.

तेव्हा मूठभर लगदा उरला, म्हणून जुन्या टोपलीचा टवका भरून काढावा म्हटलं. टोपली मांडीवर घेतली, तोच सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. ‘ळ’वरून अंगठा फिरवला आणि परत खाटेखाली सरकवली. उरलेल्या लगद्याची लेकीनं पणतीएवढी एक वाटी केली. ती न्हाणीच्या फळीवर आहे, अजून ‘धप्’ बोलते.