वहिनी, सॅक माझी मीच उचलतो

भावजींनी पोर्टर घ्यायला साफ नकार दिला. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारा माणूस. दोन पाण्याच्या बाटल्या आणि एक डबा एवढ्यासाठी दुसऱ्याच्या पाठीवर सॅक द्यायची म्हणजे त्यांना कसंतरीच वाटत होतं. ‘वहिनी, आमच्या ग्रुपात कळलं तर हसतील मला.’ युगांडातल्या ब्विंडी जंगलाच्या कडेला, रुशागाला, सकाळी रेंजर गोरिला बघायला जायचे नियम समजावून सांगत होते आणि मागच्या बाकावर आमची ही कुजबुज.

कंपालात राहायला आल्यापासून गावाकडच्या पाहुण्यांची मला सवय झाली आहे. जिंजाला नाईलचा उगम बघून संध्याकाळी घरी परतता येतं. ब्विंडीचं जंगल मात्र युगांडाच्या पार नैऋत्य टोकाला, काँगोच्या हद्दीला चिकटून. मसाका, म्बारारा, कबाले करत गाडीने नऊ-दहा तास. वाटेत विषुववृत्तावर फोटो आणि टपरीवरचं रोलेक्स, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. चपाती इकडे आपल्याच लोकांबरोबर आली, त्यामुळे भावजींनी ते हक्काने मागून मागून खाल्लं.

परमिट भावजींना ८०० डॉलर, मला इथली रहिवासी म्हणून ७००. पलीकडे रवांडात १,५००. ‘माकडं बघायला एवढे?’ असं आमच्या सासूबाई म्हणाल्या. (माकडं नव्हेत, पण फोनवर कुठे वाद घालायचा.) मला विचाराल तर महाग आहे तेच बरं आहे. गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ माणसांनी, तासभर भेटायचं. आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून मास्क आणि दहा मीटर अंतर. १९९६ मध्ये इथल्या गोरिलांना खरूज झाली, एक पिल्लू दगावलं. माग काढत गेल्यावर संशय आला तो शेतातल्या बुजगावण्यांच्या मळक्या कपड्यांवर. ते काम केलेल्या पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे माणसं आणि गोरिला, दोघांच्याही आरोग्यासाठी संस्थाच काढली.

तर पोर्टर. मी भावजींना सांगितलं, ही हमाली नाही, जंगलाची राखण आहे. इथे पोर्टर होणारी मंडळी जंगलाला लागून असलेल्या गावांतली. पंधरा-वीस डॉलर हातात पडले की आठवड्याचा किराणा सुटतो, आणि जनावरांसाठी फास लावायला जंगलात शिरायची गरज उरत नाही. २०२० मध्ये कोविडने पर्यटक बंद झाले आणि त्याच जूनमध्ये न्कुरिंगो नावाच्या गोरिला कुटुंबाचा म्होरक्या रफीकी मारला गेला. शिकारी आला होता दुसऱ्याच जनावरासाठी. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली, पण गेलेला म्होरक्या कुठून आणायचा?

भावजी विरघळले. त्यांच्या वाट्याला विशीतली एक चुणचुणीत मुलगी आली, तेव्हा पुन्हा जरा चुळबुळले. पहिल्याच उतारावर तिने त्यांना दंडाला धरून सावरलं आणि विषय मिटला.

या जंगलाला सह्याद्रीचे नियम लागू नाहीत. इथे वाटच नसते. माग काढणारे पहाटेच निघून आदल्या दिवशी कुटुंब सोडलं होतं तिथे जातात, रात्रीची पानांची अंथरुणं शोधतात आणि तिथून पुढचा माग धरून वायरलेसवर कळवतात. मग आपला रेंजर कोयत्याने वेली तोडत सरळ त्या दिशेने निघतो. पाय जमिनीवर पडतच नाही, दबलेल्या वेलींच्या गादीवर पडतो आणि मध्येच गुडघ्यापर्यंत आत जातो. मुंग्यांसाठी पँट मोज्यांत खोचायची, काट्यांसाठी बागकामाचे हातमोजे. ज्याला चालवतच नाही त्याला खुर्चीत बसवून चौघं-चौघं आळीपाळीने खांद्यावरून नेतात. त्याला ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. भावजींनी त्याचाही दर विचारून ठेवला.

मग रेंजर थांबला आणि घसा खाकरल्यासारखा जाडा आवाज काढला. ही त्यांच्याच भाषेतली ‘सगळं ठीक आहे’ची खूण. समोरच्या झुडपातून तसंच उत्तर आलं.

म्होरक्या, पाठीवर चंदेरी केस आलेला, आमच्याकडे पाठ करून वेल ओरबाडत बसला होता. मूठ वेलीवरून सर्रकन ओढायची, पानं मुठीत, मुठीतून तोंडात. मध्येच मोठ्याने पादला. एवढा पाला खाल्ल्यावर होणारच. मला जास्त वेळ बघावंसं वाटलं ते बाजूच्या मादीकडे. ती एका सडक्या ओंडक्याचे तुकडे काढून मन लावून चघळत होती, चघळून झालेलं परत चाटत होती. रेंजर म्हणाला, मीठ. पाल्यात सोडियम जवळजवळ नसतं, ते या कुजक्या लाकडातून मिळतं. तिचं पोर पाठीवरून घसरून तोच ओंडका चाखायला गेलं, तर तिने त्याला हाताने बाजूला सारलं. तुझं झालं, आता माझं.

१९८१ च्या गणतीत शेजारच्या विरुंगा डोंगरांत असे डोंगरी गोरिला २५४ उरले होते. नंतरच्या गणत्यांमध्ये तिथे ६०४ आणि ब्विंडीच्या बाजूला ४५९. एकूण १,०६३, आणि सगळे जंगलातच. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयातले गोरिला निराळे, पश्चिमेकडच्या सखल रानातले. आकडा वाढला, म्हणून २०१८ मध्ये त्यांच्यावरचा धोक्याचा शेरा एक पायरी खाली आला.

या गोष्टीतलं एक मला खटकतं. १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या याच जंगलात राहणाऱ्या बट्वा लोकांना बाहेर काढलं, बहुतेकांना बदल्यात जमीनही मिळाली नाही. आता काही जण पर्यटकांना जुनी झोपडी आणि काठीवर काठी घासून आग पेटवणं दाखवतात. मी तो कार्यक्रम बघितला, पैसे दिले, आणि टाळ्या वाजवताना अवघडले. आपल्याकडे धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून कागद घेऊन फिरते, हे माहीत असल्यामुळे असेल.

भावजींचा सगळा ग्रुप पुढच्या कोरड्या मोसमात येतोय म्हणे, बारा जण. म्हणजे दोन कुटुंबांत विभागणी आली, आणि परमिटं काही महिने आधीच काढावी लागणार. प्रत्येकाने पासपोर्टची प्रत मला पाठवावी आणि पिवळ्या तापाची लस निघण्याआधी निदान दहा दिवस घ्यावी. त्या लसीच्या दाखल्याशिवाय परतीला मुंबईच्या विमानतळावर अडकलात, तर इथून मला काही करता येणार नाही.