एकावर मॅग्नेट, एकावर नाही

माझ्या खोलीत दोन रेझिन प्रिंटर शेजारी शेजारी आहेत. ट्रेमधलं पातळ रेझिन खालच्या स्क्रीनमधून येणाऱ्या प्रकाशाने थराथराने घट्ट होतं आणि वस्तू वरच्या प्लेटला उलटी लटकत तयार होते. एकाच्या प्लेटला मॅग्नेट चिकटवलेला आहे आणि त्यावर वाकणारी स्टीलची शीट बसते. दुसऱ्याची प्लेट खोक्यातून आली तशी उघडी, ॲल्युमिनियमची. येणारा प्रत्येक जण, मग तो गुजरीतला, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातला, कारागीर असो, इंजिनिअरिंगचा पोरगा असो की डेंटल लॅबवाला, अर्ध्या मिनिटात तेच विचारतो. "दादा, ती प्लेट चांगली असेल तर दोन्हीवर का नाही? आणि वाईट असेल तर एकावर तरी कशाला?"

फोनवरचे त्याहून घाईत. "एका शब्दात सांगा, घेऊ का नको?" मी काहींना घ्या म्हणालोय, काहींना नको म्हणालोय, आणि एका माणसाला दोन वेगवेगळ्या महिन्यांत दोन्ही सांगितलंय. त्याने ते तोंडावर ऐकवलंही. म्हणून, तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाचं लिहून टाकतो. एका शब्दात मात्र जमणार नाही.

आधी दोन्ही उघड्या होत्या. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी माझ्या हाताला चार टाके आहेत ते तेव्हाचे. चिकटून बसलेली प्रिंट उचकटताना स्क्रेपर सटकला. हातमोजा होता, पण नायट्रिलच्या मोज्याला स्क्रेपर काय दाद देतो! हाताचं एक वेळ सोडा. मुख्य काम कोल्हापुरी साजाच्या, त्या गळ्यातल्या दागिन्याच्या, पानांचं. मासा, कासव, एकेक पान नखाएवढं, साजाला अशी 21 लागतात. ती आम्ही कास्टिंगच्या रेझिनमध्ये 25 मायक्रॉनच्या थराने काढतो, मग ओतकामाला जातात. मागची बाजू सपाट, त्यामुळे पान सरळ प्लेटवरच छापायचं, आणि ॲल्युमिनियम ते इतकं घट्ट धरून ठेवतं की 21 मधल्या तीन-चारांचे तरी काठ उडायचेच. मग पुन्हा तेवढीच छापा, पुन्हा धुवा, पुन्हा उचकटा.

शीट आली आणि हे सगळं थांबलं. प्लेटवरून शीट ओढून काढायची, दोन्ही हातांत धरून हलकेच कमान करायची. कट्, कट्, कट्, पानं सुटत जातात. पहिल्या दिवशी मी बायकोला बोलावून दाखवलं होतं. (त्यातलं एक कासव उडून कपाटाखाली गेलं ते अजून सापडलेलं नाही. कमान हळू करायची असते.)

त्याच आठवड्यात दुसऱ्या प्रिंटरलाही लावली. व्हर्नियरने मोजलं तर मॅग्नेट, गोंद आणि शीट मिळून 1.7 मिलिमीटर जाडी वाढली होती. तेवढी प्लेट वर घेतली नाही तर ती पहिल्याच फेरीत तेवढीच स्क्रीनमध्ये घुसायला बघणार. पहिल्या प्रिंटरला चार स्क्रू ढिले केले की प्लेट वर सरकत होती. दुसऱ्याला जागा नव्हती. प्लेट खाली येताना कुठे थांबायचं ते सांगणाऱ्या त्याच्या झेडच्या सेन्सरमध्ये जी पत्ती शिरते, तिला मी रेझिनचीच एक टोपी छापून बसवली, म्हणजे पत्ती लवकर शिरते आणि प्लेट वरच थांबते. या टोपीचा मला इतका अभिमान होता की मी शिकवायला बसलो. पंधरा जणांची बॅच होती. सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं, उघड्या प्लेटवर काम करणं म्हणजे अडाणीपणा. त्यातले निम्मे अजून फोन करतात.

आता जिच्यामुळे दुसऱ्यावरचा मॅग्नेट निघाला त्या गौरीचं.

इचलकरंजीच्या एका घरातला पितळी मुखवटा झिजला होता. पिढ्यान् पिढ्या चिंच लावून घासलेला, नाकाचा शेंडाच उरला नव्हता. त्यांना तस्साच नवा हवा होता, फक्त नाक पूर्वीसारखं. नाक पूर्वी कसं होतं ते घरातल्या आजींनाच आठवत होतं. मी स्कॅन केला, आजींना समोर बसवून पडद्यावर नाक घडवलं. "अजून जरा वर. नको, एवढं नको." अडीच तास लागले. मग ठरलं असं की मी साध्या रेझिनमध्ये 12 सेंटिमीटरचा मास्टर काढून द्यायचा, त्यावरून ओतारी मामा साचा करून पितळ ओतणार. गौरी आवाहनाला नऊ दिवस होते.

रेझिन वाचावं म्हणून मुखवटा आतून पोकळ केला. आतलं ओलं रेझिन बाहेर यायला गळ्याशी भोक ठेवलं. गळा प्लेटकडे आणि मुकुट खाली, असं आधी लावलं होतं. मग वाटलं, हे उलटं केलं तर सपोर्ट, म्हणजे आधाराच्या काड्या, कमी लागतील. केलं उलटं. मुकुट प्लेटकडे, गळा खाली. भोक कुठे गेलं ते पाहिलं नाही.

2400 थर, पावणेसात तास. रात्री साडेदहाला दुसऱ्या प्रिंटरवर लावलं. पहिले थर शीटवर बसलेले बघितले, झाकण ठेवलं आणि झोपायला गेलो. पहाटे साडेपाचला दार उघडलं तेव्हा रेझिनचा वास नेहमीपेक्षा उग्र होता. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर लिहिलेलं होतं, पूर्ण, 100 टक्के. प्लेट वर जाऊन थांबली होती. तिच्यावर नुसता काळा मॅग्नेट. शीट नाही, गौर नाही.

झाकण काढलं. ट्रेमध्ये मुखवटा आडवा पडला होता, शीट अजून मुकुटाला चिकटलेली. मुकुट झाला होता, कपाळ झालं होतं, दोन्ही डोळे झाले होते, आणि नाकाच्या सुरुवातीला सगळं थांबलं होतं. आजींनी अडीच तास बसून सांगितलेलं नाक तेवढं नव्हतं. शीट तिरपी उभी होती आणि तिचा एक कोपरा ट्रेच्या तळाची पारदर्शक फिल्म फाडून खाली घुसला होता. तिथून स्क्रीनवर चिरा पसरल्या होत्या. म्हणजे गौर पडल्यावरही मोटार प्लेट खाली आणतच राहिली, तिला काय, खाली जा म्हटलं की जाते. आणि तिरप्या शीटला वरून दाबून तो कोपरा खिळ्यासारखा ठोकला गेला. फाटलेल्या फिल्ममधून रेझिन स्क्रीनवर उतरलं आणि खालचा दिवा थरामागून थर लागतच होता, त्यामुळे ते तिथेच दगड झालं. मी नखाने खरवडून बघितलं. नंतर कळलं की मोजे घातलेच नव्हते. दोन दिवस बोटं खाजत होती.

स्क्रीनला साडेसात हजार गेले. इचलकरंजीला फोन करून सांगितलं, मॅग्नेटने दगा दिला.

अर्धी गौर घेऊन मामांकडे गेलो, मास्टर उशिरा येणार हे सांगायला. मामांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, ते तसं स्वतःच सांगतात. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, फिरवला, आत बोट घालून चाचपलं. कसा छापतो ते विचारलं. मी सांगितलं की उलटा लटकत छापला जातो, प्रत्येक थराला खालच्या फिल्मवरून सोलून वर उचलला जातो. म्हणाले, "मग ह्यात हवा शिरणार कुठनं? वाट कुठं ठेवलीयास?"

आयुष्यभर साच्यांना हवेची वाट काढत आलेला माणूस. माझी वाट गळ्याशी होती आणि गळा शेवटी छापला जाणार होता. तोवर गौर म्हणजे फिल्मवर पालथी घातलेली वाटी. प्रत्येक थराला प्लेट वर जाताना आत पोकळी ओढली जाते, वाटी फिल्मला चोखून धरते. मुखवटा गालांपाशी रुंद होत गेला तशी ओढ वाढत गेली. कधीतरी शीटचा कोपरा मॅग्नेटवरून उचलला गेला असेल, फटीत रेझिन गेलं असेल, मग शीट सपाट बसेना, मग निसटली.

मला हे त्याच दिवशी, मामांच्या भट्टीसमोर कळलं होतं. तरी पुढचे चार महिने ज्याने विचारलं त्याला मी मॅग्नेटचंच नाव सांगितलं. 'नको' हे उत्तर ज्यांना मिळालं ते सगळे या चार महिन्यांतले. त्यांची माफी मागतो. अजून एक सांगून टाकतो. दुसऱ्या रात्री गौर पुन्हा छापली ती पहिल्या प्रिंटरवर, आणि त्याच्यावर मॅग्नेटच होता. तो काढून प्लेट पुन्हा लेव्हल करायला, स्क्रीनला समांतर बसवायला, वेळ कुणाला होता? मुकुटाच्या मागे दोन भोकं पाडली, मुखवटा तिरका केला आणि रात्रभर स्टूल टाकून शेजारी बसलो. शीट केसभर हलली नाही. नाकासकट गौर आली, मामांनी ओतली, आवाहनाच्या आदल्या दिवशी घरी पोचली. फोटोत आजी तिच्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघतायत.

मग दुसऱ्यावरचा मॅग्नेट का काढलास, असं तो पंधरा जणांना शिकवणारा मी विचारतो. चूक भोकाची, शिक्षा मॅग्नेटला? मी त्याला म्हणतो, कबूल, पण माझ्याकडून अशी चूक पुन्हा होणारच नाही असं तू लिहून देतोस का? स्क्रूने आवळलेली प्लेट असती तर सपोर्ट तुटले असते, फार तर फिल्म गेली असती. रेझिनचा लगदा ट्रेत पडला असता, तो गाळून घेतला असता. स्टीलचे चार टोकदार कोपरे तर ट्रेत आले नसते! तो म्हणतो, लगदाही प्लेटखाली सापडला तर स्क्रीन फोडतोच, तुझीच एक फुटली होती, मॅग्नेटच्या आधी, विसरलास? विसरलो नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दुसऱ्यावरचा मॅग्नेट काढायला अख्खी दुपार गेली. हेअर ड्रायरने गोंद तापवायचा, थोडा सोलायचा, पुन्हा तापवायचा. काढल्यावर एक गोष्ट दिसली जी आधी मनावर घेतली नव्हती. कडांचा गोंद आयपीएने, म्हणजे प्रिंट धुवायच्या अल्कोहोलने, आधीच सुटायला लागला होता. मी आळशीपणा करून प्लेट मॅग्नेटसकट धुवायचो. शीट तेवढी काढून धुवावी, मॅग्नेट ओल्या फडक्याने नुसता पुसावा, हे पंधरा जणांना मीच सांगितलं होतं. पावसाळ्यात शीटच्या कापलेल्या कडांना गंजही धरतो. आणि मॅग्नेट रबरी असतो, थोडा दबतो, त्यामुळे लेव्हल करताना प्लेट आणि स्क्रीनमध्ये ठेवलेला ए-फोर कागद जो अडकल्यासारखा लागतो त्यावर फार विश्वास ठेवू नका. एवढं तरी ठामपणे सांगू शकतो.

तर आता पानं, ठुशीचे मणी, नथीचे सांगाडे मॅग्नेटवर. मुखवटे, मूर्ती, पोकळ काहीही असेल ते उघड्या प्लेटवर. हा नियम आहे का? नाही. नीट भोक पाडलेला पोकळ मुखवटा मॅग्नेटवर छापता येतो हे मीच करून बघितलंय. ही माझी भीती आहे, आणि ती शेजारी शेजारी दोन मशिनांत मांडून ठेवलेली तुम्हाला दिसते म्हणून तुम्ही विचारता.

ती उलटी फाइल मी ठेवलीय. उघड्या प्लेटवर ती छापली तर काय होईल ते बघायचं मनात आहे. परवा जुनी फिल्म बदलायचीच होती, म्हटलं टाकायचीच आहे तर होऊन जाऊ दे. पेनड्राइव्ह लावला, फाइल निवडली. तेवढ्यात गुजरीतून फोन आला, ठुशीचे मणी उद्या सकाळी पाहिजेत. फोन ठेवला आणि आधी फिल्म बदलून घेतली.